तिकिटावर 'हेल्वेशिया' असेल तर ते स्विस आहे

तुमच्याकडच्या पाकिटावरच्या टपाल तिकिटावर 'हेल्वेशिया' लिहिलंय, पण हा देश नकाशात सापडत नाही, असं तुम्ही म्हटलंय. सापडणार कसा? ते स्वित्झर्लंडचं लॅटिन नाव. तिथे चार भाषा. एकीतलं नाव छापलं तर बाकीच्या तिघींवर अन्याय, म्हणून तिकिटांवर हे नाव आलं.

मला जास्त आवडला तो पाकिटाच्या कोपऱ्यातला 'ड्रुकझाखे' आणि खाली 'अँप्रिमे' असा शिक्का. पहिला शब्द जर्मन, दुसरा फ्रेंच, अर्थ एकच: छापील मजकूर. अशा टपालाला पत्रापेक्षा कमी दर लागे. मात्र पाकीट चिकटवायचं नाही, कारण आत पत्र दडवलेलं नाही हे टपालवाल्यांना उघडून बघता आलं पाहिजे. तुमच्या पाकिटाची झडप नुसतीच आत खोचलेली दिसते, तिच्यावर डिंकाचा मागमूस नाही. सगळं छान जुळतंय!

गोल शिक्क्यात '12.VII.' असं दिसतं, त्यातला रोमन आकडा महिन्याचा, म्हणजे १२ जुलै. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे आणि शेवटचा तासाचा. वर्ष पुसट आहे, तेव्हा पाकीट खिडकीशी तिरपं धरून भिंगातून बघा. पण ती तारीख पाकीट पाठवल्याची. तिकीट त्याआधी कित्येक वर्षं छापलेलं असू शकतं. छपाई कधीची ते ओळखायला मदत म्हणून तिकिटाच्या कडेचे दात मोजा, २ सेंटिमीटरमध्ये किती ते.

आणि कळकळीची विनंती, तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. पाकीट, शिक्का आणि तिकीट एकत्र आहेत म्हणूनच एवढं कळलं.