डिस्ने वर्ल्डला जातोय, लेकीला शेंगदाणा आणि काजूची ॲलर्जी आहे. खाण्याचं कसं करू?

सायली_नाशिक

मे महिन्यात आम्ही टूर कंपनीबरोबर अमेरिकेला जातोय. त्यात ओरलँडोचं डिस्ने वर्ल्ड आहे. लेक सहा वर्षांची, वजन 19 किलो. शेंगदाणा आणि काजू दोन्हीची ॲलर्जी, तपासण्या होऊन पक्की झालेली. गेल्या वर्षी एका मुंजीत तिने पनीरच्या भाजीचा एक घास खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या, खोकला थांबेना. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर उतरलं. तेव्हापासून घरात कूट येत नाही. साबुदाण्याची खिचडीसुद्धा मी ओलं खोबरं घालून करते.

टूरवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका, आपलं इंडियन जेवण असतं." मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. पार्कात घरचा डबा नेऊ देतात का? तिथल्या काउंटरवरचं कितपत भरवशाचं? आणि इंजेक्शनचं काय करू? ॲड्रेनॅलिनचं, म्हणजे असा झटका आल्यावर टोचायच्या औषधाचं, डोस आधीच भरलेलं पेन आम्हाला इथे मिळालं नाही. डॉक्टरांनी ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज लिहून दिली आहे. कोणी लहान मुलाला घेऊन जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रेवा_टॅम्पा

सायली, माझ्या मुलाला शेंगदाणा आणि काजू-बदामासारखे सगळे नट्स चालत नाहीत. ओरलँडो आमच्यापासून दीड तासावर आहे, त्यामुळे त्या पार्कात त्याला जेवू घालायची मला चांगली सवय आहे. जा, नक्की जा.

डबा नेता येतो. गेटवर बॅग तपासतात, पण खाणं काढून घेत नाहीत. काचेची बाटली नको आणि सुटा बर्फ नको, जेलचे आइस पॅक चालतात. आम्ही पराठ्याचे रोल, इडल्या, फळं असं नेतो. गरम करायचं असेल तर प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर आहे, तिथे मायक्रोवेव्ह असतो. मॅजिक किंग्डम या पार्कात ते मेन स्ट्रीटच्या किल्ल्याकडच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटशेजारी आहे. फर्स्ट एडही तिथेच. आत शिरल्यावर आधी ती जागा बघून ठेव, मग राइड.

विकत घ्यायचं तर डिस्नेच्या ॲपवर ऑर्डर करताना बहुतेक ठिकाणी वेगळा ॲलर्जी-फ्रेंडली मेन्यू उघडतो. कुठला पदार्थ कोणत्या ॲलर्जीला चालतो ते त्यात लिहिलेलं असतं. तुझ्या लेकीला दोन गोष्टी चालत नाहीत, म्हणजे जो पदार्थ शेंगदाणा आणि नट्स दोन्हींच्या ॲलर्जीला चालतो असं लिहिलंय तोच घ्यायचा. काउंटरवर घेणार असशील तर "फूड ॲलर्जी" हे शब्द आधी बोल, मग ऑर्डर सांग. ते ॲलर्जीचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला बोलावतात. टेबलावर बसून जेवायचं असेल तर बुकिंगमध्येच लिही, सांगितल्यावर बऱ्याचदा शेफ स्वतः येऊन बोलतो. ट्रे हातात आल्यावर पुन्हा विचार, "हा ॲलर्जीवाला आहे ना?" मागे केवढीही रांग असू दे. मी दर वेळी विचारते आणि कोणी कधी तोंड वाकडं केलेलं नाही.

पण एक गोष्ट नीट लक्षात घे. त्यांचं स्वयंपाकघर वेगळं नसतं, आणि संपूर्ण हमी देत नाही हे ते स्वतःच लिहितात. सकाळी एका काउंटरवर चाललेले फ्राइज दुपारी दुसरीकडे चालतीलच असं नाही. "या तेलात आणखी काय तळता?" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने.

शिवाय डिस्नेच्या आवारातलं सगळंच डिस्नेचं नसतं. एप्कॉट या पार्कातल्या जपान दालनातली रेस्टॉरंट्स मित्सुकोशी ही जपानी कंपनी चालवते. डिस्ने स्प्रिंग्ज या खरेदीच्या भागात तर कितीतरी रेस्टॉरंट्स बाहेरच्यांची आहेत. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्याच एका रेस्टॉरंटमध्ये जेवून बाहेर पडलेली न्यूयॉर्कची एक डॉक्टर थोड्याच वेळात कोसळली आणि गेली. तिला दूध आणि नट्सची ॲलर्जी होती. वेटरला पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली होती, असं तिच्या नवऱ्याने कोर्टातल्या दाव्यात म्हटलं आहे. ते रेस्टॉरंट डिस्नेच्या जागेत होतं, पण चालवणारी कंपनी वेगळी होती. तुला घाबरवायला हे लिहीत नाहीये. डिस्नेची पाटी बघून गाफील राहू नकोस, एवढंच.

ॲनिमल किंग्डम लॉज या डिस्नेच्या हॉटेलमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे. "आपल्यासारखं जेवण मिळतं" म्हणून तुला खूप जण सुचवतील. नानबरोबर चटण्यांची रांग येते. आमच्यासाठी ते ठिकाण नाही. इतक्या वाट्या, इतके चमचे आणि सहा वर्षांचं मूल, नकोच.

सह्याद्री_टूर_लीडर

ताई, मी गेली बरीच वर्षं अमेरिकेच्या ग्रुप टूर नेतो. तुमची धास्ती रास्त आहे. पार्कातल्या बर्गरपेक्षा आपल्या पॅक लंचची काळजी जास्त करा.

पार्कच्या दिवशी जवळच्या इंडियन रेस्टॉरंटमधून डबे येतात. अशा किचनमध्ये सकाळी एकच मोठी बेस ग्रेव्ही होते, कांदा, टोमॅटो आणि काजूची पेस्ट. मग तीच पनीरला, तीच कोफ्त्याला, तीच छोल्यांना. "नट्स नको" म्हटलं की पुलावावरचे तळलेले काजू वेचून काढतात आणि सांगतात, झालं. झारा तोच, कढई तीच. म्हणून "काजू काढा" म्हणायचं नाही. "बेस ग्रेव्ही वापरू नका. साधा भात आणि वरण धुतलेल्या वेगळ्या भांड्यात करा" असं सांगायचं, आणि तेही मुंबई ऑफिसकडून लेखी जायला हवं, निघण्याआधी. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या दिवसाचा पॅक लंच सोडून द्या. काही कंपन्या तेवढे पैसे परत देतात, विचारून बघा.

दुसरं म्हणजे बस. आपल्या माणसांच्या पिशवीत चिक्की असते, दाण्याचा लाडू असतो, चिवडा असतो. शेजारच्या सीटवरच्या आजी मायेने पोरीच्या हातावर काहीतरी ठेवणारच. पालकांचा डोळा लागलेला असतो, पोरगी खिडकीत बसलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी टूर लीडरला माइकवरून सांगायला लावा: या मुलीला कोणीही काहीही खायला द्यायचं नाही, जिवावर बेततं. "चालत नाही" म्हटलं तर लोकांना पथ्य वाटतं, "थोडंसं चाखल्याने काय होतंय" म्हणतात. जिवाचा शब्द काढल्यावर मात्र तेच लोक पहारा देतात. माझ्या एका ग्रुपमध्ये असं सांगितल्यावर मागच्या सीटवरच्या काकूंनी स्वतःची चिक्की टूर संपेपर्यंत बॅगेतून काढली नाही.

बालरोग_पुणे

डॉक्टर आहे. इंजेक्शनबद्दल लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला डोस आणि कृती त्यांच्याकडून लेखी घ्याच.

मुलांमध्ये ॲड्रेनॅलिनचा डोस दर किलोला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 19 किलोला 0.19 मिलिग्रॅम. ॲम्प्यूलमध्ये 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 0.19 मिलिलिटर. घरी टेबलावर हे सोपं वाटतं. गर्दीत, लेक घुसमटत असताना ॲम्प्यूल फोडून इतकं नेमकं औषध ओढणं कठीण जातं. म्हणून अमेरिकेत उतरल्याबरोबर अर्जंट केअर (अपॉइंटमेंटशिवाय जाता येणारा दवाखाना) मधल्या डॉक्टरांकडून पेनचं प्रिस्क्रिप्शन घ्या. 15 ते 30 किलोच्या मुलांसाठी 0.15 मिलिग्रॅमचं पेन असतं. दोन घ्या. महाग पडेल, पण घ्या. ॲम्प्यूल आणि सिरिंजही जवळ राहू द्या, हँडबॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी. पेन कपड्यांवरूनही देता येतं. मग तिला आडवं झोपवा, पाय थोडे उंच. धाप लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवत फर्स्ट एडकडे नेऊ नका. त्यांना तुमच्याकडे बोलवा आणि 911 या तिथल्या आपत्कालीन नंबरला फोन लावा. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. बरं वाटलं तरी हॉस्पिटलमध्ये काही तास थांबायचं, कारण लक्षणं उतरून पुन्हा उलटू शकतात. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधाचं सिरप खाज कमी करतं, श्वास वाचवत नाही. ते आधी देऊन वाट बघत बसू नका.

पेन स्ट्रोलरमध्ये किंवा लॉकरमध्ये ठेवू नका. फ्लोरिडात मे महिन्यात कडक ऊन असतं आणि हे औषध 25 अंशांच्या आत ठेवायचं असतं. उष्णतारोधक पाऊचमध्ये, आई किंवा बाबांच्या अंगावर. मात्र पेन आइस पॅकला चिकटवू नका, गोठूनही ते बिघडतं.

हात सॅनिटायझरने पुसल्याने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही. साबण-पाणी किंवा ओले वाइप्स.

सायली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. टूर कंपनीला आजच मेल केला, बेस ग्रेव्हीचं जसंच्या तसं लिहिलं. अजून एक शंका. अमेरिकेत पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नसेल तर निश्चिंत राहायचं का? आणि तळणीच्या तेलाचं काय?

रेवा_टॅम्पा

शेंगदाणा किंवा काजू घटक म्हणून घातला असेल तर तो छापणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. पण "मे कंटेन" (यात अमुक असू शकतं) ही ओळ ऐच्छिक असते. ती नसली म्हणजे त्याच यंत्रावर शेंगदाणे गेले नसतील असं नाही. शंका आली तर मी पाकीट परत ठेवते. आइस्क्रीमची गाडी दिसली की प्रत्येक वेष्टन वाचते.

तेलाचं म्हणशील तर अतिशुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, म्हणून इथल्या कायद्यात त्याला ॲलर्जीच्या लेबलमधून सूट आहे. चिक-फिल-ए ही इथली तळलेल्या चिकनची रेस्टॉरंट साखळी असंच तेल वापरते. आपल्याकडचं घाण्याचं किंवा फिल्टर तेल मात्र वेगळं, त्यात प्रथिन राहतं. तुझ्या लेकीला रिफाइंड चालेल का हे तिच्या डॉक्टरांना विचार. माझ्या मुलाला आमच्या डॉक्टरांनी चालेल म्हटलंय, तरी प्रवासात मी ते टाळते.

ओरलँडोची तारीख नक्की झाली की मला मेसेज कर. तुमच्या हॉटेलवर पराठे आणून देईन. माझ्या स्वयंपाकघरातही कूट नाही.