बीपी मोजायचीच धास्ती: दवाखान्यात १६०, घरी १३०. मशीन कोणतं घ्यावं?

सातपूरकर:
वडील, वय ६४. दवाखान्यात १६०/९५, घरी शेजाऱ्यांच्या मशीनवर १३०/८२. पट्टा आवळायला लागला की मूठ वळतात, श्वास धरतात. खरा आकडा कोणता? मशीन दंडाचं घ्यावं की मनगटाचं?

पट्टेवाला:
दोन्ही खरेच. डॉक्टरांसमोर चढणाऱ्या बीपीला ‘व्हाइट कोट’ परिणाम म्हणतात. म्हणून मर्यादाही वेगळ्या आहेत: दवाखान्यात १४०/९०, घरच्या सरासरीला १३५/८५. पण उसन्या मशीनवरच्या एका आकड्यावर निर्धास्त होऊ नका, आणि चालू गोळी असेल तर मनाने बंद करू नका.

मशीन दंडाचंच. आधी शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपराच्या मधोमध. मशीनबरोबर बहुधा २२ ते ३२ सेंमीचा पट्टा येतो. दंडाला तो लहान पडला तर आकडा वाढीव दाखवतो, शिवाय करकचून आवळतो, म्हणजे धास्तीत भर. नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत घेणार असाल तर माप खिशात घेऊनच जा.

गोदाकाठ:
मनगटाचं बरं की. आवळत नाही, स्वेटरही काढायला नको.

पट्टेवाला:
मनगट हृदयाच्या पातळीला हवं. १० सेंमी खाली राहिलं तर आकडा ८ च्या आसपास वाढतो. घाबरलेला माणूस हात मांडीवर टाकून बसतो, मग कसला आकडा आणि कसलं काय! दंडाला पट्टा बसतच नसेल तरच मनगटाचं.

दोन बोटं वर:
आवळण्याच्या भीतीबद्दल. हात हलला, मूठ वळली की मशीनला ठोके नीट पकडता येत नाहीत आणि ते पुन्हा हवा भरतं, आधीपेक्षा जास्त. माणसाला वाटतं, बीपी इतकं चढलंय की मशीन थांबेना! वडिलांना हे आधीच समजावून सांगा. तळहात वर, बोटं सैल. श्वास धरायचा नाही, सावकाश लांब सोडायचा.

चहा, तंबाखू, मिश्री यांच्यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर, ५ मिनिटं गप्प. मांडी घालून नको, पलंगाच्या कडेला पाय सोडूनही नको. टेबल बुटकं असेल तर हाताखाली चादरीची घडी. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. थंडीत बाही वर गुंडाळू नका, ती दंड आवळते. हातच बाहेर काढा. पण खोली गार नको, गारठ्यानेही बीपी चढतं.

मशीनचा पडदा तुमच्याकडे वळवा, वडिलांना आकडा दाखवूच नका. १ मिनिटाने दुसऱ्यांदा मोजा आणि मशीन कपाटात. ‘जास्त आलं, परत बघू’ करत पाच वेळा मोजलं तर तो धास्तीचाच आकडा.

सकाळी गोळी-नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं ७ दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी डॉक्टरांना द्या. रविवारी मिसळ झाली म्हणून तो दिवस गाळू नका.

गोदाकाठ:
आणि एकदम २०० दिसलं तर?

दोन बोटं वर:
१८०/१२० च्या वर आणि छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यातलं काहीही असेल तर थेट १०८. त्रास काहीच नसेल तर ५ मिनिटं शांत बसवून परत मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

पट्टेवाला:
आठवड्याच्या आकड्यांनीही उलगडा झाला नाही तर डॉक्टरांना एबीपीएमबद्दल विचारा. पट्टा २४ तास दंडावर राहतो, झोपेतही मोजतो. त्याची सरासरी १३०/८० च्या आत हवी. नाडी अनियमित असेल तर तेही सांगा, ऑटोमॅटिक मशीन तिथे गोंधळतं.

सातपूरकर:
घेर ३५ भरला! मोठा पट्टा सुटा मिळतो का?

पट्टेवाला:
मिळतो, पण त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा घ्या. दुसऱ्याची नळी बसली तरी आकड्याचा भरवसा नाही. काही मशीनबरोबर २२ ते ४२ चा पट्टा येतो, तसंच मिळालं तर सुटा घ्यायलाच नको.