एलेना फेरांते नक्की कोण? आमच्या वाचनगटात वाद पेटलाय

रंकाळा_संध्याकाळ
मंडळी, जरा मदत पाहिजे. आमचा छोटा वाचनगट आहे, महिन्यातनं एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, चहा, भडंग आणि पुस्तक. यावेळी एलेना फेरांते या इटालियन लेखिकेचं 'माय ब्रिलियंट फ्रेंड' घेतलंय. मी दुसऱ्यांदा वाचायलोय आणि खरं सांगतो, हातातनं सुटंना झालंय. नेपल्सच्या गरीब वस्तीतल्या दोन पोरी, लीला आणि लेनू, दोघी हुशार, एकीला पुढं शिकायला मिळतं आणि जी जास्त हुशार तिला घरचे पाचवीनंतर बसवतात. पण मागच्या बैठकीत एकानं मोबाईलवर लेख काढून दाखवला की फेरांते हे खरं नावच नाही, आणि कॉम्प्युटरवर तपासलं तर लिहिणारा पुरुष निघतोय. झालं. तिथनं पुढं दीड तास फक्त तेच. बाप लीलाला खिडकीतनं बाहेर फेकतो त्या प्रसंगावर बोलायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. नक्की काय भानगड आहे ही? आणि पुरुष असला तर आपण वाचलं ते खोटं ठरतं का?

करवीर_वाचक
दादा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. पहिली कादंबरी १९९२ ची. त्याच्या आदल्या वर्षीच तिनं प्रकाशकांना पत्र लिहून कळवलं होतं की पुस्तकासाठी मला जे करायचं होतं ते लिहून झालं, आता मी समारंभाला येणार नाही, बक्षीस घ्यायलाही येणार नाही, लिहून झाल्यावर पुस्तकाला लेखकाची गरज नसते. रोमचे एदित्सिओनी ए/ओ हे प्रकाशक, एका जोडप्यानं १९७९ ला काढलेली छोटी संस्था, त्यांनी तो शब्द आजवर पाळलाय. तेव्हा तिला कोण ओळखत होतं? लीला-लेनूची चार पुस्तकं आली २०११ ते २०१४ मध्ये, म्हणजे जगभर नाव व्हायच्या आधी वीस वर्षं ती अशीच लिहीत होती, म्हणून याला स्टंट म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही.

मग २०१६ च्या ऑक्टोबरात क्लाउदिओ गात्ती नावाच्या इटालियन पत्रकारानं प्रकाशकाकडनं कुणाला किती पैसे गेले, रोममध्ये कुणी घरं घेतली याचे कागद काढून एका अनुवादिकेकडं बोट दाखवलं. एकाच वेळी इटली, जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिकेत छापून आलं. वाचक खवळले, आणि मलाही ते वाचून फार वाईट वाटलं, कारण हिशेबाचे असले कागद काढावेत असा तिनं काय गुन्हा केला होता? त्या बाईंचं नाव मी इथं मुद्दाम लिहीत नाही. पुरुषाचं म्हणाल तर त्यांचे पती नेपल्सचेच, स्वतः कादंबरीकार, आणि शब्द मोजणाऱ्या अभ्यासकांना त्यांच्या आणि फेरांतेच्या लिखाणात खूप साम्य सापडलं. त्यांनी स्वतः ते वारंवार नाकारलंय. साम्य सापडलं म्हणून त्यांनीच लिहिलं असं होत नाही, दोन माणसं आयुष्यभर एका घरात राहिली की बोलणं-लिहिणं एकमेकांत मिसळतंच.

पुढच्या वेळी 'द डेज ऑफ अबँडनमेंट' घ्या. तूरिनमधली बाई, नवरा सोडून गेलाय, दोन पोरं, एक कुत्रा, आणि एके दिवशी स्वतःच्याच घराचं कुलूप तिला आतनं उघडता येत नाही. ती पानं वाचताना माझ्या तळहाताला घाम सुटला होता.

रंकाळा_संध्याकाळ
आभारी आहे, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. फक्त एक, मी दादा नाही, ताई आहे. जन्म कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, आमच्याकडं पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, आई बोलायची, माझी पोरगी पण बोलते. पुण्यात हॉस्टेलला गेलो तर पहिल्याच आठवड्यात रूममधल्या पोरींनी विचारलं तू मुलासारखी का बोलतेस, मग चार वर्षं तिथं 'मी जाते, मी येते' केलं, आणि सुट्टीला इथल्या सीबीएस स्टँडवर उतरलो की रिक्षावाल्याशी बोलतानाच जीभ जाग्यावर यायची. लेनूचं तेच आहे की. घरी बोली, शाळेत इटालियन, दुसऱ्या भागात पिसाला शिकायला जाते तर तिथं तिच्या उच्चारांची नक्कल करतात. ते वाचताना मी पुस्तक मिटून जरा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिलो होतो.

तुम्ही माझी दहा वाक्यं वाचून मला पुरुष ठरवलं, तुमची चूक नाही, क्रियापदंच तशी. पण मग शब्द मोजून बाई का पुरुष सांगतात त्यावर मी किती विश्वास ठेवू?

करवीर_वाचक
माफ करा ताई. मी मूळचा नाशिकचा, इथं येऊन सहा वर्षं झाली तरी चुकतो.

सुभाषनगर_पायताण
ताई, बोलीचं लई बरोबर बोलला. २०१८ ला या पुस्तकावर सिरियल आली तर खुद्द इटलीत सबटायटल लावून दाखवावी लागली. पुस्तकात मात्र फेरांते बोली फारशी लिहीतच नाही, नुसतं सांगते की तो हे बोलीत म्हणाला, आणि तेवढ्यानं आवाज चढलेला ऐकू येतो.

मी हे पुस्तक बुटांसाठी वाचतो. लीला चांभाराची पोरगी. वहीत बुटाचं चित्र काढते, मग ती आणि भाऊ रीनो बापाला चोरून तो जोड शिवतात, कितीतरी महिने, आणि बाप बघतो तर शाबासकी राहिली बाजूला, भडकतो. आमचं घर चपलांचं. वडील रापीनं कातडं कापायचे, आई वेण्या घालायची, गुडघ्याला वादी अडकवून. एकदा तिनं तिच्या डोक्यानं वेणी वेगळी घातली, एक पदर जास्त. दुकानदार म्हणाला जुनं तेच आणा. तो जोड मग तिनं स्वतःच वापरला, आठ वर्षं. तळाला शिक्का दुकानदाराचाच असायचा, पण आमच्या गल्लीतली कुठलीही बाई नुसती वेणी बघून सांगायची ही कुणाच्या हातची आहे. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर ते बूट परत येतात, कसे ते सांगत नाही, पण तिथं मी रडलोय.

निवृत्त_मास्तर
थोडं वेगळं मत मांडतो. ते शब्द मोजणं प्रामुख्यानं बाई-पुरुष बघत नाही, कुणाच्या लिखाणाशी जुळतं ते बघतं, म्हणजे वर वेणीचं सांगितलं तसंच, त्यामुळं त्याला अगदी उडवून लावू नका. दुसरं, नाव कळण्याची एवढी भीती का? १९३३ ला 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण म्हणून महाराष्ट्रात गदारोळ झाला होता. शिकलेल्या, नोकरी करून घर चालवणाऱ्या मुलींची लग्नं रखडतात, त्यांच्या मनाचं कुणी विचारत नाही, हे कुणी बोललंच नव्हतं. पुढं मालतीबाई बेडेकर हे नाव सगळ्यांना कळलं. त्या कथा आजही तितक्याच लागतात. हां, सुरुवातीला ते नाव झाकलेलं नसतं तर त्यांना त्या इतक्या मोकळेपणानं लिहिता आल्या असत्या असं मला वाटत नाही, एवढं मान्य.

रंकाळा_संध्याकाळ
मास्तर, हे पुस्तक आईच्या कपाटात आहे, मी कधी उघडलंच नव्हतं, आज काढतो. बैठकीचं ठरलं, सुरुवात खिडकीच्या प्रसंगानं, आणि लेखाची चर्चा करायचीच असेल तर शेवटची दहा मिनिटं. सुभाषनगरवाले, तुम्ही याल का? आई असतील तर त्यांनापण घेऊन या, आणि तो जोड राहिला असेल तर तोही.