रंग गेला म्हणून कन्सोल भंगारात द्यायचा काय?

दर्यापूरकर :
परवा येथे एका सद्गृहस्थांनी ठासून लिहिले की, जपानहून आलेला जुना गेम कन्सोल काळे-पांढरे चित्र दाखवू लागला, तर त्याची व्हिडिओ आयसी (चित्र तयार करणारी चिप) गेली असे समजावे आणि तो भंगारात द्यावा. ते वाचून गप्प बसवले नाही. माझा जपानी मेगा ड्राइव्ह (सेगा कंपनीचा कन्सोल) पहिल्या संध्याकाळी असाच बिनरंगी दिसला होता, आणि एशियाडच्या आधीचा टीव्ही परत आणला काय, असे आईने विचारले होते.

आयसी ठणठणीत होती. आपला पाल (भारतातली रंगपद्धत) संच ४.४३ मेगाहर्ट्झचा बर्स्ट, म्हणजे रंगाची ओळख पटवणारी छोटी लहर, शोधतो आणि जपानच्या एनटीएससी पद्धतीचा हा कन्सोल ३.५८ चा देतो; हवा तो बर्स्ट सापडला नाही की संचातला कलर किलर रंगाची वाट बंद करतो, आणि उजेड-अंधाराचा भाग दोन्ही पद्धतींत वाचता येत असल्यामुळे चित्र तेवढे उरते. मी आधी ५०-६० चा (सेकंदाला ५० चित्रे की ६०, हे ठरवणारा) स्विच बसवून पाहिला. खेळ सहाव्या हिश्श्याने मंदावला, रंग मात्र आलाच नाही, कारण ५० वर टाकल्यावर चिप आपल्या ५३.६९ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला १२ ने भागते आणि हाती ४.४७ येतात. हवे होते ४.४३. शेवटी मागच्या गोल सॉकेटातून आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे संकेत) काढले, त्याचे कंपोनंट (उजेड एका तारेत, रंगांचे फरक दुसऱ्या दोन तारांत) करून टीव्हीला दिले आणि रंग उमटले, कारण त्या मार्गात रंगवाहक लहरच नसते. एस-व्हिडिओने हे काम होत नाही, कारण त्यात उजेड आणि रंगाच्या तारा वेगळ्या असल्या तरी रंग त्याच लहरीवर येतो, हेही सांगून ठेवतो.

हिंगणघाटकर :
ते सद्गृहस्थ मीच. प्रवचन छान झाले. पण माझा टीव्ही आपल्यासारखा जुना डबा नव्हता, पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवणारा नवा एलईडी होता, आणि त्यावरही माझा कन्सोल काळे-पांढरेच दाखवत होता. आपला ४.४३ चा सिद्धान्त तेथे कसा लागू पडतो, ते समजावून सांगावे. आयसी गेली नव्हती, तर काय गेले होते?

आर्वीकर :
मी २२ वर्षे टीव्ही दुरुस्त केले आहेत, म्हणून दोघांनाही थोडे थांबवतो. दर्यापूरकरांचे निदान बरोबर आहे, पण उपाय पुस्तकी आहे. खेड्यातल्या २१ इंची पिक्चर ट्यूबच्या संचाला कंपोनंटची सॉकेटे कितींच्या घरी असतात? टीडीए ८३६२ ही आयसी असलेल्या संचात दोन क्रिस्टलांची (रंगाची ठरावीक लहर देणाऱ्या सुट्या भागांची) सोय असते, आणि कंपन्या एकच बसवून दुसऱ्याची जागा रिकामी सोडत असत. त्या रिकाम्या जागी ३.५८ चा क्रिस्टल व त्याचा कपॅसिटर डाग देऊन बसवले की पुष्कळ संचांत काम होते, आणि कन्सोलला हातही लावावा लागत नाही. मात्र ट्यूबच्या रबरी टोपीखाली २० हजार व्होल्टच्या वरचा भार असतो, तेव्हा व्हिडिओ पाहून कोणी मागचे झाकण उघडू नये.

दिग्रसकर :
आपण सगळे रंगावर भांडत आहात. आमच्याकडे रंगापर्यंत पोहोचायला लाइन तर हवी! माझा जपानी कन्सोल चित्र दाखवण्याआधीच गेला. त्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा होता, मी तो सरळ २३० मध्ये खोचला आणि घरभर करपलेल्या वार्निशचा वास पसरला. त्यातही त्या दिवशी डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) बदलून नुकतीच लाइन आली होती आणि बल्ब डोळे दिपतील इतका पेटत होता. ओलिताच्या दिवसांत, सगळ्यांचे पंप चालू असताना, तोच बल्ब पाहायला दुसरा बल्ब लावावा लागतो. अशा विजेवर परदेशी वस्तू आणण्याचे सल्ले शहरातल्या लोकांनी द्यावेत.

दर्यापूरकर :
दर्यापूर शहर केव्हा झाले, ते कळवावे. १०० व्होल्टचा अडॅप्टर २३० वर जळाला, यात डीपीचा काय दोष? अडॅप्टरवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते.

दिग्रसकर :
जपानीत लिहिलेले असते, साहेब.

दर्यापूरकर :
१०० हा आकडा जपानीतही १०० असाच लिहितात.

दिग्रसकर :
आपण हुशार आहात, हे मान्य. मीही नंतर ९ व्होल्टचा दुसरा अडॅप्टर आणला, दुकानदाराने खात्री दिली, आणि तो जोडल्यापासून कन्सोलचा लाल दिवा कधीच लागला नाही. त्याचेही खापर माझ्यावरच फोडून मोकळे व्हा.

आर्वीकर :
कोणाच्याच माथी नको, पण त्या अडॅप्टरच्या मधल्या टोकाला धन होते काय? पहिल्या मेगा ड्राइव्हला मधले टोक ऋण लागते, आणि आपल्या बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. शेजारच्या गावातल्या एका मुलाचा कन्सोल याच कारणाने माझ्या टेबलावर आला होता. पुढच्या वेळी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, किंवा ९ व्होल्ट, १.२ अँपिअरचा अडॅप्टर मीटर लावून तपासून घ्यावा. दुकानदाराची खात्री मीटरवर दिसत नाही.

दिग्रसकर :
मीटर लावून पाहिले. मधले टोक धन आहे. लाइनीबद्दलचे माझे म्हणणे तरीही कायम आहे.

आर्वीकर :
ते मलाही मान्य आहे. काल रात्री चार तास मीही अंधारातच होतो. आता हिंगणघाटकर, आपला प्रश्न राहिला. आपल्या एलईडीला पिवळे सॉकेट वेगळे होते, की पिवळी पिन हिरव्या सॉकेटात लावायची होती? अनेक नव्या संचांत कंपोजिट (उजेड आणि रंग एकाच पिवळ्या तारेत) आणि कंपोनंट यांना मिळून ते एकच हिरवे सॉकेट दिलेले असते. मेनूत कंपोनंट निवडलेले राहिले, तर टीव्ही त्या तारेतला फक्त उजेडाचा भाग वाचतो आणि लाल-निळ्या सॉकेटांत काहीच नसल्यामुळे चित्र काळे-पांढरे येते. तेथे ना ४.४३ चा संबंध, ना आयसीचा.

दर्यापूरकर :
हे मला सुचायला हवे होते. माझा सिद्धान्त त्या एलईडीला लागू नव्हता, एवढे कबूल करतो.

हिंगणघाटकर :
सॉकेट हिरवेच होते. मेनू मी उघडला नव्हता. कन्सोल, दोन कंट्रोलर आणि ती तार मी दिवाळीच्या साफसफाईत प्लास्टिकच्या भावाने किलोवर दिली, म्हणून आता तपासण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही. दर्यापूरकरांना आनंद झाला असेल.