वेळेत बाहेर काढलं तरी गर्भ राहतो का? प्रीकमबद्दल नेमकं काय?

अर्धविराम:
स्खलनाच्या आधी बाहेर काढलं, वीर्य आत पडलंच नाही, तरी सुरुवातीला जो पारदर्शक चिकट थेंब येतो (प्रीकम) त्याने गर्भ राहू शकतो का? कुणी म्हणतं त्यात शुक्राणू नसतातच, कुणी म्हणतं एक थेंब पुरे. आधी लघवी करून आलं की धोका संपतो, असंही वाचलं. आणि पाळीच्या लगेच नंतरचे दिवस यासाठी सुरक्षित धरावेत का?

सांजदिवा:
दोघंही अर्धं खरं बोलतात. हा द्रव वृषणातून येतच नाही. मूत्रमार्गाच्या मुळाशी वाटाण्याएवढ्या दोन कूपर ग्रंथी असतात. त्यांच्यातून आणि मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या बारीक ग्रंथींतून तो पाझरतो. मार्ग ओला करणं आणि लघवीमुळे तिथे राहिलेली आम्लता कमी करणं, हे त्याचं काम. ग्रंथीतून निघताना त्यात शुक्राणू नसतात, पण वीर्याची बाहेर पडायची वाटही तीच, त्यामुळे ते त्यात मिसळू शकतात.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ पुरुषांचे ४० नमुने तपासले होते. ११ जणांच्या द्रवात शुक्राणू सापडले, १० जणांचे हालचाल करणारे होते. संख्या वीर्यापेक्षा खूप कमी, पण शून्य नाही. काहींच्या द्रवात ते पुन्हा पुन्हा सापडतात, काहींच्या नाही, आणि आपण कुठल्या गटात हे थेंबाकडे बघून कळत नाही. हा थेंब येणं हातातही नसतं. कधी आला याचा बहुतेकांना पत्ताच लागत नाही.

गंधकुटी:
लघवी करून आलं की मूत्रमार्ग धुऊन निघतो ना? मग शुक्राणू येणार कुठून?

सांजदिवा:
आधीच्या स्खलनातलं मागे राहिलेलं वीर्य धुऊन जातं, तेवढाच फायदा. म्हणून लागोपाठ दुसऱ्यांदा संबंध असेल तर लघवी करावी आणि शिश्नाचं टोक व हात धुवावेत. पण वर सांगितलेल्या पुरुषांनीही आधीच्या स्खलनानंतर लघवी केलेलीच होती, तरी शुक्राणू निघाले. धोका कमी होईल, संपणार नाही.

किनारा:
माझ्या मते सगळे प्रीकमवरच अडकतात, खरी गळती दुसरीकडे आहे. वर्षभर ही पद्धत वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी दर वेळी अगदी बिनचूक वापरणाऱ्यांत सुमारे ४ जणींना गर्भ राहतो. प्रत्यक्षातल्या वापरात हाच आकडा २० च्या आसपास जातो. काहीच न वापरणाऱ्यांत तो ८५. म्हणजे ४ आणि २० यांतलं अंतर प्रीकमचं नाही, चुकलेल्या वेळेचं आहे. स्खलनाच्या पहिल्याच उसळीत शुक्राणू सर्वांत दाट असतात, त्यामुळे दोन सेकंद उशीर म्हणजे नेमका सर्वांत वाईट भाग आत. बाहेर काढलं पण वीर्य योनीमुखावर पडलं, तरी ती चूकच. पद्धत वापरायचीच असेल तर स्खलन मांडीपासूनही दूर व्हायला हवं. आत पाण्याने धुण्याचा उपयोग नाही. शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडाच्या स्रावात शिरतात. आणि कंडोम मधेच नाही, पहिल्या स्पर्शापासून चढवायचा. प्रीकममधून एचआयव्हीसारखे संसर्गही पसरू शकतात.

रानजाई:
पाळीनंतरच्या दिवसांचं: शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत जिवंत राहतात, स्त्रीबीज १२ ते २४ तास. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. २८ दिवसांचं चक्र असेल तर १४ व्या दिवसाच्या आसपास, म्हणून ९ ते १५ दिवस जोखमीचे. पण चक्र २४ दिवसांचं असेल तर बीज १० व्या दिवशी सुटतं आणि जोखीम ५ व्या दिवसापासून, म्हणजे कधीकधी रक्तस्राव चालू असतानाच! चक्र अनियमित असेल तर हे गणित सोडूनच द्या.

अर्धविराम:
आणि वेळ चुकलीच तर?

रानजाई:
लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा भरवसा नाही. घेतल्यापासून दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. फिट्सची किंवा टीबीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांतल्या काहींमुळे गोळीचा परिणाम घटतो. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅम ही दुसरी गोळी ५ दिवसांपर्यंत चालते. सर्वांत खात्रीचं म्हणजे ५ दिवसांच्या आत बसवलेली कॉपर टी, शिवाय ती पुढे अनेक वर्षं काम देते.

गोळीनंतर पाळी थोडी मागेपुढे होते, त्यावरून निष्कर्ष काढू नका. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर टेस्ट करा. संबंधानंतर चारपाच दिवसांत केलेल्या टेस्टला अर्थ नाही. टेस्ट जे संप्रेरक शोधते ते एचसीजी गर्भ रुजल्याशिवाय लघवीत येतच नाही. पाळीचा भरवसा नसेल तर २१ दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर.