मदत हवी आहे: जानेवारीत आईला घेऊन पुष्पप्रदर्शन, उरुळीच्या नर्सऱ्या आणि एक हरवलेली शेवंती

गॅलरीतली_बाग

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आई मिरजेहून जानेवारीत महिनाभर माझ्याकडे येतेय. वय ७३. दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण समोर फुलं असली की तिला त्यांची आठवण राहत नाही, आठवण रात्री होते. तिला पुण्यातलं एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघायचंय. बाबा असताना एकदा बघितलं होतं, तेव्हापासून "परत एकदा" असं चाललंय. सोबत सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्याही दाखवाव्यात असं माझ्या डोक्यात आहे. दोन्ही एकाच दिवशी उरकतील का? प्रदर्शनाला कुठल्या दिवशी, किती वाजता गेलं तर तिला धक्काबुक्की होणार नाही? मधे बसायला मिळतं का?

दुसरी गोष्ट रोपांची. मी फुरसुंगीला राहते. तिसरा मजला, दहा बाय चारची गॅलरी, ऊन सकाळी साडेदहापर्यंत. गेल्या डिसेंबरात एका हायवेवरच्या नर्सरीतून हौसेने चौदा रोपं आणली. पिटुनिया, पॉइनसेटिया, डायन्थस, दोन गुलाब आणि कुंडीत मावेल अशी गुबगुबीत पिवळी शेवंती. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, रोज पाणी घाला, बाकी काही बघायला नको." मी रोज पाणी घातलं आणि खरंच बाकी काही बघायला उरलं नाही. होळीपर्यंत तेरा रोपं गेली. चौदावी शेवंती, ती जिवंत आहे. पण यंदा नुसतीच हातभर वाढलीय, डिसेंबर आला तरी एक कळी नाही. हे का होतं?

आणि तिसरी, खरी. मिरजेच्या आमच्या जुन्या घरी नळाजवळ शेवंतीचा वाफा होता. पिवळी, बारीक, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी फुलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई त्याच फुलांची वेणी महालक्ष्मीच्या कलशाला घालायची. पानं चुरगळली की हाताला एक कडवट वास यायचा, तो हात धुतला तरी जात नसे. तीन वर्षांपूर्वी घर पाडून बांधलं. जेसीबीवाल्याला "तेवढा वाफा सोड" म्हणायला कुणी जागेवर नव्हतं. आई त्याबद्दल काही बोलत नाही, म्हणून जास्त लागतं. नर्सरीत विचारलं तर टेनिसच्या चेंडूएवढी शेवंती पुढे करतात. ही जुनी कुठे मिळेल?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मातीत_हात

आधी सरळ उत्तर. दोन्ही एका दिवसात करू नका. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तर नाहीच, मलाही पन्नाशीत जमत नाही.

एम्प्रेसचं प्रदर्शन दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास चार-पाच दिवस असतं. नेमक्या तारखा वर्तमानपत्रात येतात, त्या बघूनच ठरवा. २६ तारीख आणि शनिवार-रविवार टाळा, मुंगीला शिरायला जागा नसते. लहान मुलांची चित्रकला स्पर्धा असते, त्या सकाळी तर रेसकोर्सपर्यंत गाड्या. उद्घाटनानंतरचा पहिला कामाचा दिवस धरा आणि बाग उघडल्या उघडल्या आत जा. स्पर्धेच्या कुंड्या तेव्हा ताज्या असतात. शेवटच्या दिवशी पॅन्सींनी माना टाकलेल्या असतात. एकच फायदा, स्टॉलवाल्यांना रोपं परत टेम्पोत भरायची नसतात, त्यामुळे संध्याकाळी भाव खाली येतो.

आईंना मांडव दाखवून झाला की लगेच बाहेर काढू नका. ही बाग चालवणारी अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची आहे आणि झाडं त्या वयाला शोभतील अशी आहेत. गारंबीचा प्रचंड वेल आहे, तो शोधा. अजगरासारखी खोडं या झाडावरून त्या झाडावर गेलीत. लोक पिटुनियासमोर फोटो काढतात आणि त्या वेलाखाली बसून वडापाव खातात, वर बघत नाहीत. घडीची खुर्ची बरोबर ठेवा. पायवाटा मातीच्या आहेत, चाकाच्या खुर्चीला काही ठिकाणी कष्ट पडतील.

आता रोपं. प्रदर्शनातून सीझनल घेऊ नका. ऑक्टोबरात लावलेली रोपं तिथे जानेवारीत ऐन भरात दिसतात. तुम्ही घरी आणाल तेव्हा त्यांचं अर्धं आयुष्य झालेलं असतं, मार्चचं ऊन लागलं की खेळ संपला. सीझनल घ्यायचीच तर दसरा-दिवाळीत, बोटभर रोपं, कळी नसलेली. आणि तुमच्या गॅलरीला जेमतेम साडेतीन तास ऊन आहे. पिटुनियाला पाच-सहा तास लागतात. तुम्ही सिनेरारिया लावा, पॅन्सीही चालेल.

भटक्या_भाऊ

फुलंच बघायची तर कासला न्या की! निसर्गाचं प्रदर्शन, कुंडी नको न मांडव नको.

मातीत_हात

भाऊ, जानेवारीत? कासची फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. जानेवारीत तिथे वाळलेलं गवत आणि कातळ. आणि ७३ वर्षांच्या बाईंना!

भटक्या_भाऊ

महिना वाचलाच नव्हता. शब्द मागे. :)

भायखळ्याची_मैना

मुंबईकडे चक्कर होणार असेल तर राणीच्या बागेतलं महापालिकेचं प्रदर्शनही बघा, साधारण जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतं. फुलांपासून मोठमोठे आकार करतात, मुलं खूश होतात. मला स्वतःला त्यापेक्षा बागेतली जुनी झाडं आवडतात, बाग १८६२ ची आहे. भायखळा स्टेशनवरून पूर्वेला जवळ. एरवी जाणार असाल तर बुधवार नको, बंद असते.

चिकणमाती

तेरा रोपं कशी गेली ते सांगतो, कारण माझी याहून जास्त गेलीत.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांतली बरीचशी शोभेची रोपं इथे वाढवलेली नसतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, तिथे नर्सऱ्याच नर्सऱ्या. तिथून ट्रक भरून येतात. त्या रोपांच्या मुळाशी चिकट मातीचा गोळा असतो, प्रवासात हलू नये म्हणून बरा. पण तो गोळा तसाच कुंडीत ठेवला आणि भोवती आपली भुसभुशीत माती घातली की पाणी बाजूने निघून जातं. आतला गोळा एक तर दगडासारखा कोरडा राहतो, नाही तर रोजच्या पाण्याने कायमचा चिखल. दोन्हींत मुळं मरतात. वरून रोप आठ-दहा दिवस टवटवीत दिसतं, म्हणून आपण नर्सरीवाल्याला दुवा देत राहतो.

आणल्यावर आठवडाभर पिशवीतच सावलीत ठेवा. मग पिशवी कापून गोळा बादलीतल्या पाण्यात बुडवा, माती सैल झाली की बाहेरची निम्मी बोटांनी हलकेच सोडवा, लावा. गुलाबाला मात्र एवढं खेळवू नका. पाणी घालायच्या आधी बोट पेरभर मातीत खुपसायचं. ओलं लागलं तर तांब्या खाली.

उरुळीला जाताना एकच सावधगिरी. नर्सऱ्यांची उरुळी म्हणजे उरुळी कांचन, सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून तीसेक किलोमीटर. तुमच्या फुरसुंगीला लागून जी आहे ती उरुळी देवाची, सासवड रस्त्यावर. मोबाइलवर नुसतं "उरुळी" टाकून माझे साडू एकदा दिवेघाटाच्या पायथ्याशी पोहोचले होते आणि तिथून मला फोन, "अरे, नर्सऱ्या कुठायत?"

दिवेघाटापलीकडची

साडू चुकले नाहीत. शेवंतीसाठी तोच रस्ता बरोबर. :)

ताई, माझं सासर पुरंदर तालुक्यात. आमच्याकडे शेवंती शेतात असते, झेंडू आणि अ‍ॅस्टरसारखी. तुम्ही सांगताय ते वर्णन ऐकून सासूबाई लगेच म्हणाल्या, "झिप्री असंल." बारीक पिवळी, बुटकं झाड. पिवळी रेवडीही असू शकेल, पण तीही नर्सरीत नाही मिळायची. कारण सोपं आहे. ही शेवंती पिशवीत विकतच नाहीत. फुलं संपली की झाड जमिनीलगत छाटतात, बुडातून नवे फुटवे येतात, त्यांना आमच्याकडे काश्या म्हणतात. त्या एकमेकांना देतात, फार तर शेकड्याने विकतात. चार काश्यांसाठी कोण दुकान थाटणार?

जानेवारीत आई येतायत ते चांगलं आहे. तेव्हा तोडे संपत आलेले असतात, काही शेतांत छाटणीही झालेली असते. सासवडच्या पुढे रस्त्याकडेला पिवळा पट्टा दिसला की गाडी थांबवा आणि विचारा. नाही तर मार्केट यार्डातल्या फुलबाजारात पहाटे जाऊन शेवंती आणणाऱ्या शेतकऱ्याला गाव विचारा. पण आईंना शेतातच न्या. बाजारात पहाटेचा चिखल असतो आणि हमालांना म्हातारं-कोतारं कळत नाही.

आणल्यावर: काश्या मुळासकट, बोटभर लांब, ओल्या फडक्यात. वाळू-माती-शेणखतात लावा, पहिले आठ दिवस सावली. उन्हाळाभर नुसत्या जगवायच्या, वाढवायला जाऊ नका. जूनमध्ये मोठ्या कुंडीत. पावसाळ्यात दोनदा शेंडा खुडा म्हणजे झाड पसरतं. गणपतीनंतर खुडणं बंद.

मातीत_हात

वरच्या ताईंना दहापैकी दहा.

गॅलरी, तुमच्या न फुललेल्या शेवंतीबद्दल एक विचारतो. रात्री गॅलरीत उजेड असतो का?

गॅलरीतली_बाग

असतो की! समोरच सोसायटीचा एलईडी फोकस आहे, रात्रभर. मी त्या उजेडात कपडे घड्या करते. त्याचा काय संबंध?

मातीत_हात

तोच सगळा संबंध. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होऊन सलग लांब अंधार मिळायला लागला की तिला कळ्या धरायचं सुचतं. मधे उजेड पडत राहिला की तिच्या लेखी अजून उन्हाळाच आहे, ती पानं वाढवत बसते. व्यापारी शेतकरी हाच गुण उलटा वापरतात, फुलं उशिरा हवी असतील तर शेतात रात्री दिवे लावतात. तुमची सोसायटी तेच फुकटात करतेय. पॉइनसेटियाचंही तसंच, वरची पानं लाल व्हायला लांब रात्री लागतात.

आणि ती हातभर वाढली कारण विकताना बुटकी राहावी म्हणून वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. त्याचा असर गेला की झाड आपल्या मूळ उंचीवर येतं. दोष तुमचा नाही.

उपाय: सप्टेंबरपासून कळ्या चांगल्या रंग दाखवेपर्यंत रात्री कुंडी अंधारात. ड्राय बाल्कनी आहे का?

गॅलरीतली_बाग

आहे, वॉशिंग मशीनशेजारी. म्हणजे मी वर्षभर खत बदलत होते आणि भांडण होतं ते दिव्याशी. सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले की लिहिते.

गॅलरीतली_बाग (अपडेट)

जाऊन आलो. उशीर झाला, क्षमस्व.

प्रदर्शन मंगळवारी सकाळी बघितलं. आई मांडवात वीस मिनिटं, बोन्सायपाशी "कशाला बिचाऱ्याला छळतात" म्हणून पुढे, आणि गारंबीखाली सव्वा तास. घडीची खुर्ची सार्थकी लागली. तिथल्या एका माळीमामांशी तिची ओळख निघाली, म्हणजे ते सांगलीकडचे निघाले, एवढंच. पण तेवढं पुरतं.

उरुळी कांचनला गेलोच नाही. तिथल्या निसर्गोपचार आश्रमाचं नाव काढल्यावर आई म्हणाली, "गांधीजींनी काढलाय ना तो, सेहेचाळीस साली? मग पुढच्या खेपेला गुडघ्यांसाठीच जाऊ."

त्याऐवजी गुरुवारी दिवेघाट चढलो. सासवड सोडल्यावर दुसऱ्याच शेताला आईने "थांब" म्हटलं. मला लांबून झेंडू वाटला होता. एक आजी छाटलेल्या वाफ्यात खुरपत होत्या. आई बांधावर उभी राहिली, वाकून एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं आणि हात माझ्या नाकाशी धरला. तोच वास. त्या आजींना म्हणाली, "पाच द्याल का?" त्यांनी खुरप्याने ओंजळभर काढून दिल्या, पैसे घेईनात. शेवटी आईने पिशवीतले तिळाचे लाडू दिले. जातीचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "आमी पिवळीच म्हणतो."

मोजल्या, एकोणीस आहेत. वर्तमानपत्र भिजवून त्यात गुंडाळून आणल्या. सात माझ्याकडे लावल्या, बारा आई मिरजेला घेऊन गेली, रेल्वेत मांडीवर. माझ्यातल्या दोन मान टाकतायत, पाच ताठ आहेत.

आता एकच शंका राहिली. ड्राय बाल्कनीत संध्याकाळी सात ते नऊ भांडी घासायला मावशी येतात, तेव्हा ट्यूब लावावी लागते. तेवढा उजेड चालेल का, की सप्टेंबरात कुंड्यांवर काळं कापड टाकू?

मातीत_हात

कापड टाका. सहा वाजता झाकायचं, सकाळी सातला काढायचं, आतून वारं खेळेल असं. आणि मावशींना आधीच सांगून ठेवा, नाही तर त्या ते फरशी पुसायला घेतील.