बेसबॉलचे पहिले पाठीराखे कोण?

प्रश्न: दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात कबड्डीचे सामने असले, की भजनी मंडळातले म्हातारे टाळ घेऊन मैदानावर हजर. अमेरिकेत बेसबॉलला असे पाठीराखे कधीपासून?

उत्तर १: भाऊ, बॉस्टनचे ‘रॉयल रूटर्स’ पाहा. मॅकग्रीव्ही नावाच्या दारूगुत्तेवाल्यानं ही माणसं जमवली. गुत्त्याचं नाव ‘थर्ड बेस’. बेसबॉलमध्ये ‘होम’ला पोचायच्या आधीचा हा शेवटचा टप्पा, तसा हा गुत्ता म्हणजे घरी जायच्या आधीचा शेवटचा थांबा! १९०३ च्या वर्ल्ड सिरीजला, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेला, ते थेट समोरच्या संघाच्या शहरात, पिट्सबर्गला गेले, एकच गाणं इतकं गायले की समोरचे खेळाडू वैतागले. बॉस्टननं मालिका ५-३ नं जिंकली.

उत्तर २: १९१२ चंही सांगा ना बाप्पा! बॉस्टनच्याच फेनवे पार्कात वर्ल्ड सिरीजच्या वेळी त्यांच्याच जागा दुसऱ्यांना विकल्या, घोडेस्वार पोलिसांनी त्यांना मैदानातून हटवलं. वाचून जीव तुटला.

प्रश्नकर्ता: आमच्याकडे पहिल्या रांगेतली पोती टाळवाल्यांचीच. यंदाही मीच अंथरणार.